पिएरचं लंडन: फ्रेंचमध्ये मानलेलं, इंग्रजीत नाकारलेलं

पिएर फ्रान्समध्ये वाढलेला. फ्रेंच सोडून दुसरी भाषा त्याला येत नाही. दूरच्या एका प्रसिद्ध शहराबद्दल तो बरंच ऐकून आहे आणि कुठल्याही फ्रेंच माणसाप्रमाणे त्या शहराला 'लाँद्र' म्हणतो. ऐकलेल्या वर्णनांवरून त्याचं मत बनलं आहे आणि ते तो फ्रेंचमध्ये सांगतो: 'लाँद्र ए जोली', लाँद्र सुंदर आहे. पुढे नशिबाचे फेरे त्याला लंडनच्याच एका कळकट वस्तीत आणून टाकतात. शेजारी फारसे शिकलेले नाहीत, फ्रेंच कोणालाच येत नाही, आणि पिएरचं वस्तीबाहेर जाणं क्वचितच होतं. त्यामुळे इंग्रजी तो लहान मूल शिकतं तशी शिकतो, कानावर पडेल ती वापरत. कुठल्याही शब्दाचा फ्रेंच प्रतिशब्द त्याला कोणी सांगत नाही. आपण राहतो त्या शहराला इथली माणसं 'लंडन' म्हणतात, एवढं त्याला कळतं. आजूबाजूला पाहून तो इंग्रजीत म्हणू लागतो: 'लंडन इज नॉट प्रिटी'. लाँद्र आणि लंडन ही एकाच शहराची नावं आहेत, हे त्याच्या ध्यानात आलेलं नाही. फ्रेंच तो विसरलेला नाही आणि जुनं मतही सोडलेलं नाही. फ्रेंचमध्ये विचारलं तर आजही तो 'लाँद्र ए जोली' हेच म्हणेल.

मग लंडन सुंदर आहे असं पिएर मानतो की मानत नाही?

हे प्रकरण कल्पित आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ आणि तर्कशास्त्रज्ञ सॉल क्रिप्की (१९४०–२०२२) यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात ते मांडलं. कल्पित असलं तरी त्यातला एकही तुकडा अशक्य कोटीतला नाही, आणि त्याचं वजन त्यातच आहे. साक्षीची नोंद, दुभाषाचं काम, मुलाखतीचं वार्तांकन, भाषांतर अशा कामांत 'अमुक माणूस असं मानतो' हे वाक्य रोज लिहावं लागतं. ते वाक्य खरं कशामुळे ठरतं आणि एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना त्याचं काय होतं, हे या एका प्रकरणातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच दुसरीकडे दिसतं.

निष्कर्षापर्यंत नेणाऱ्या दोन पायऱ्या

पिएरच्या तोंडच्या वाक्यापासून त्याच्या समजुतीबद्दलच्या आपल्या वाक्यापर्यंत जाताना आपण नकळत दोन तत्त्वं वापरतो. क्रिप्कींनी ती उघड मांडली.

पहिलं तत्त्व अवतरणचिन्हं काढण्याचं. एखादी भाषा नीट जाणणाऱ्या माणसाने त्या भाषेतल्या एखाद्या वाक्याला विचारपूर्वक आणि मनापासून होकार दिला, तर त्या वाक्यात जे म्हटलं आहे ते तो मानतो. यातली प्रत्येक अट कामाची आहे. 'नीट जाणणारा' म्हणजे शब्द रूढ अर्थानेच वापरणारा. 'विचारपूर्वक' म्हटल्याने घाई, जीभ घसरणं, प्रश्न चुकीचा ऐकणं हे सगळं बाद होतं. 'मनापासून' म्हटल्याने खोटं बोलणं आणि नाटकातलं बोलणं बाद होतं. शिवाय त्या वाक्यात 'मी', 'इथे', 'आज' असे बोलणाऱ्यागणिक बदलणारे शब्द नसावेत आणि दुहेरी अर्थाचेही नसावेत, कारण असे शब्द चिन्हांबाहेर काढताच दुसऱ्याच गोष्टीकडे बोट दाखवू लागतात.

दुसरं तत्त्व भाषांतराचं. एका भाषेतलं वाक्य त्या भाषेत खरं असेल, तर त्याचं दुसऱ्या भाषेतलं भाषांतरही त्या भाषेत खरं असतं. हे तत्त्व थेट सत्याबद्दल आहे आणि त्यावर सहसा कोणी आक्षेप घेत नाही. पोलिश तर्कशास्त्रज्ञ आल्फ्रेड टार्स्की यांनी १९३३ साली सत्याच्या व्याख्येची जी रीत घालून दिली तिच्या धर्तीवर सांगायचं तर 'ला नेज ए ब्लांश' हे फ्रेंच वाक्य खरं ठरतं ते बर्फ पांढरं असेल तेव्हाच. वाक्य फ्रेंच आहे, पण ते खरं ठरण्याची अट मराठीत पूर्णपणे सांगता येते. आंतरराष्ट्रीय कायदाही याच भरवशावर चालतो. करारांच्या कायद्याविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचं ३३ वं कलम सांगतं की, एखादा करार दोन किंवा अधिक भाषांमध्ये अधिकृत ठरवलेला असेल तर सर्व संहितांना सारखाच अधिकार असतो आणि त्यांतल्या संज्ञांचा अर्थ एकच आहे असं गृहीत धरलं जातं.

आता ही तत्त्वं पिएरला लावू. 'लाँद्र ए जोली' या वाक्याला त्याचा होकार आहे, म्हणून पहिल्या तत्त्वाने 'पिएर क्रुआ क लाँद्र ए जोली' हे फ्रेंच वाक्य खरं ठरतं. त्याचं इंग्रजी भाषांतर 'पिएर बिलीव्ह्ज दॅट लंडन इज प्रिटी', तेही दुसऱ्या तत्त्वाने खरं. दुसरीकडे 'लंडन इज नॉट प्रिटी' याला त्याचा इंग्रजीतच होकार आहे, म्हणून 'पिएर बिलीव्ह्ज दॅट लंडन इज नॉट प्रिटी' हेही खरं. एकच माणूस, एकच वेळ, एकच शहर, आणि दोन परस्परविरुद्ध समजुती.

इथे एक चूक हमखास होते. भाषांतराचं तत्त्व पिएरच्या मूळ वाक्याला लावलं जातं, आणि मग 'पण लंडन खरंच सुंदर आहे का?' असा भलताच वाद सुरू होतो. हे तत्त्व फक्त खऱ्या वाक्यांना लागू आहे, आणि 'लाँद्र ए जोली' हे खरं आहे असं आपण कुठेच म्हटलेलं नाही. भाषांतर होतं ते पिएरच्या समजुतीबद्दलच्या वाक्याचं. शहर कसंही असो, ते वाक्य खरं आहे. या प्रकरणात लंडनच्या सौंदर्याला काहीही काम नाही.

हे प्रकरण रचलं कशासाठी

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ साली म्हटलं होतं की, विशेषनाम फक्त वस्तू दाखवतं, तिच्याबद्दल काही सांगत नाही. डार्ट नदीच्या मुखावरच्या डार्टमथ गावाचं त्यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे: नदीने पात्र बदललं तरी गावाचं नाव चुकीचं ठरणार नाही. १८९२ साली जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगे यांनी याच्या विरुद्ध बाजूचा मोठा पुरावा पुढे ठेवला. पहाटतारा आणि सांजतारा ही एकाच ग्रहाची, शुक्राची, नावं. तरी एखादा माणूस पहाटताऱ्याबद्दल जे मानतो ते सांजताऱ्याबद्दल मानत नाही, असं सहज घडतं. नाव म्हणजे निव्वळ वस्तूवरची खूण असेल, तर एकाच्या जागी दुसरं घातल्याने समजुतीबद्दलचं खरं वाक्य खोटं कसं होईल? म्हणून फ्रेगे यांनी नावाला वस्तूखेरीज एक अर्थही असतो, वस्तू समोर येण्याची एक रीत असते, असं मानलं.

क्रिप्की यांनी जानेवारी १९७० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात दिलेल्या तीन व्याख्यानांत नावांबद्दलची मिल यांची बाजू बरीचशी पुन्हा उभी केली होती. फ्रेगे यांचा हा पुरावा मात्र आडवा येत होता. पिएरचं प्रकरण त्याला दिलेलं उत्तर आहे. वरच्या पायऱ्या पुन्हा पाहिल्या तर एका नावाच्या जागी दुसरं नाव कुठेच घातलेलं नाही. फक्त अवतरणचिन्हं काढली आणि सरळ भाषांतर केलं, तरीही तीच अडचण उभी राहिली. म्हणजे दोष नावांच्या अदलाबदलीवर, आणि त्या वाटेने मिल यांच्या मतावर, ढकलता येत नाही.

सुचणारी उत्तरं आणि ती कुठे अडतात

फ्रान्समध्ये असतानाही पिएर लंडनला सुंदर मानत नव्हता, असं म्हणून पाहू. मग आयुष्यभर फ्रान्समध्येच राहिलेल्या आणि 'लाँद्र ए जोली' म्हणणाऱ्या कोणाबद्दलही तसं म्हणावं लागेल. फ्रेंच माणसांना लंडनबद्दल काही मतच नसतं, असा त्याचा अर्थ होतो. हे कोणी मान्य करणार नाही.

इंग्रजी शिकल्यावर त्याने जुनं मत सोडलं, असं म्हणावं तर त्याने काहीच सोडलेलं नाही. मत बदलताना माणूस आधीचं वाक्य नाकारतो. पिएर ते आजही ठामपणे म्हणतो.

उलट बाजूने, त्याच्या इंग्रजी वाक्याला समजूत म्हणून मोजायचंच नाही, असं ठरवलं तर? समजा, विजेचा धक्का बसून त्याची फ्रेंच भाषा आणि फ्रान्समधल्या सगळ्या आठवणी पुसल्या गेल्या. मग तो त्याच्या इंग्रज शेजाऱ्यांसारखाच एक होईल, आणि लंडन सुंदर नाही असं तो मानतो हे आपण बेलाशक म्हणू. पुसून टाकण्याने नवीन समजूत जन्माला येत नाही. धक्क्यानंतर ती असेल तर आधीही होती.

उरतं चौथं उत्तर: त्याच्या समजुती खरोखरच परस्परविरुद्ध आहेत. क्रिप्कींनी पिएरला मुद्दाम निष्णात तर्कशास्त्रज्ञ केलं आहे, ते याचसाठी. ज्याच्या समजुतींत विरोध असतो त्याला निदान तत्त्वतः तरी तो नुसत्या विचाराने शोधून काढता यायला हवा. पिएरने खोलीत बसून कितीही विचार केला तरी हाती काही लागणार नाही. त्याच्याकडे कमतरता आहे ती माहितीची, तर्कबुद्धीची नाही. त्याला विसंगत म्हणणं हा त्याच्यावर सरळ अन्याय आहे.

फ्रेगे यांच्या अनुयायांचं पहिलं उत्तर असतं की, त्याच्या मनात 'लाँद्र' आणि 'लंडन' यांना जोडलेली वर्णनं वेगळी आहेत. ती एकसारखी करून पाहा. 'लाँद्र' म्हणजे 'आंगलतेर'ची राजधानी, जिथे बकिंगहॅमचा राजवाडा आहे, हे त्याने फ्रेंचमध्ये ऐकलं. 'लंडन' म्हणजे 'इंग्लंड'ची राजधानी, जिथे बकिंगहॅम पॅलेस आहे, हे इंग्रजीत ऐकलं. आंगलतेर आणि इंग्लंड हा एकच देश आहे हे त्याला कळलेलं नाही, आणि राजवाड्याचंही तेच. वर्णनं शब्दशः एकमेकांची भाषांतरं आहेत, तरी कोडं जागच्या जागी. वर्णनात आलेल्या प्रत्येक नावाबरोबर ते पुन्हा नव्याने उभं राहतं.

'मानत नाही'मधला 'नाही'

आतापर्यंतचा विरोध पिएरच्या समजुतींमधला होता. प्रकरणाचं दुसरं, जास्त कडक रूप तो विरोध आपल्या अंगावर आणतं, आणि जपून वाचायची जागा ही आहे.

पहिलं तत्त्व एकाच दिशेचं होतं: होकार आहे तर समजूत आहे. आता ते दुहेरी करू. मनातलं सांगायला न कचरणारा माणूस एखाद्या वाक्याला विचारपूर्वक होकार देईल, तो ते मानत असेल तर आणि तरच. 'न कचरणारा' ही अट नवी आहे, कारण लाजेने किंवा भीतीने गप्प राहणाऱ्याच्या मौनावरून काही ठरवता येत नाही. पिएरला इंग्रजीत विचारलं, 'इज लंडन प्रिटी?' तो होकार देत नाही. म्हणून लंडन सुंदर आहे असं तो मानत नाही. पण फ्रेंचमधून आलेल्या पायऱ्यांनी आपणच म्हटलं आहे की लंडन सुंदर आहे असं तो मानतो. 'मानतो' आणि 'मानत नाही' ही दोन्ही वाक्यं आपली आहेत. परस्परविरुद्ध समजुतींचा माणूस जगात असू शकतो, परस्परविरुद्ध वस्तुस्थिती असू शकत नाही. चूक आता आपल्या नोंदवहीत आहे.

हे रूप नीट पकडायचं तर 'नाही' कुठे बसतो हे पाहावं लागतं, आणि तिन्ही भाषा इथे दगा देतात. इंग्रजीत 'ही डझन्ट बिलीव्ह दॅट लंडन इज प्रिटी' हे वाक्य कानाला बहुतेक वेळा 'लंडन सुंदर नाही असं तो मानतो' असंच ऐकू येतं. फ्रेंचमध्ये होकारार्थी 'क्रुआ क' नंतर साधं क्रियारूप येतं, 'लाँद्र ए जोली'. नकार आला की सहसा संशयार्थी रूप येतं, 'इल न क्रुआ पा क लाँद्र स्वा जोली'. क्रियारूप बदलतं, पण नकार मानण्याला आहे की सुंदर असण्याला, हे त्यानेही सुटत नाही. मराठीत 'त्याला लंडन सुंदर आहे असं वाटत नाही' म्हटलं की ऐकणारा 'सुंदर नाही असं वाटतं' हाच अर्थ घेतो. मतच नसणं आणि उलटं मत असणं, या दोन वेगळ्या अवस्था. पहिल्या रूपातला निष्कर्ष 'उलटं मत आहे' असा होता, दुसऱ्या रूपातला 'ते मत नाही' असा आहे. या प्रकरणावर लिहिताना बहुतेक गोंधळ इथेच होतो. मराठीत 'लंडन सुंदर आहे, अशी त्याची समजूत आहे, हे खरं नाही' असं लांबण लावावं लागलं तरी चालेल, पण 'वाटत नाही' टाळावं.

एक पोटप्रकरणही आहे. फ्रान्समध्ये असताना पिएरने म्हटलं होतं, न्यूयॉर्क सुंदर असेल तर लाँद्रही सुंदर आहे. इंग्लंडमध्ये तो मानतो, लंडन सुंदर नाही. दोन्ही समजुती एकत्र ठेवल्या तर न्यूयॉर्क सुंदर नाही हा निष्कर्ष कोणत्याही तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला काढता यावा. पिएरला तो काढता येत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकतही नाही. दोन आधारविधानं एकाच शहराबद्दल आहेत, हे त्याला दिसेल असं काहीच त्याच्यासमोर नाही.

दोष भाषांतराचा का?

सर्वांत आधी संशय येतो तो 'जोली' आणि 'प्रिटी' या जोडीवर. दोन्ही विशेषणांच्या छटा तंतोतंत जुळत नाहीत. पण विशेषण बदलून पाहा: 'नदीकाठी वसलेलं' घाला. पिएर फ्रान्समध्ये लाँद्र नदीकाठी आहे असं मानतो आणि नदी कधी न दिसलेल्या वस्तीत राहून लंडन नदीकाठी नाही असं मानू लागतो. कोडं तसंच राहतं. विशेषणात छटांचा प्रश्न असेल तिथे ही अदलाबदल आधी करून घ्यावी, म्हणजे खरी अडचण नावाशी आहे की नाही हे लगेच कळतं.

मग 'लाँद्र'चं 'लंडन' करणंच बंद करावं का? तसं केलं तर फ्रेंच माणसांच्या कुठल्याही मताची इंग्रजीत किंवा मराठीत नोंदच करता येणार नाही. आणि त्यानेही सुटका नाही, कारण क्रिप्कींनी दुसरं प्रकरण एकाच भाषेत रचलं आहे. इग्नात्सी पादेरेव्स्की (जन्म १८६०) हे जगप्रसिद्ध पियानोवादक, आणि १९१९ साली पोलंडचे पंतप्रधानही. पीटर नावाच्या माणसाने पियानोवादक पादेरेव्स्कींबद्दल ऐकलं आणि ते संगीतात निपुण आहेत असं मानलं. नंतर दुसऱ्या मंडळींत त्याच नावाच्या राजकारण्याबद्दल ऐकलं. राजकारण्यांना संगीत येत नाही, हा त्याचा पक्का ग्रह, म्हणून हे दुसरेच गृहस्थ असं त्याने धरलं. नाव एक, भाषा एक, भाषांतर शून्य. मग पादेरेव्स्की संगीतात निपुण आहेत असं पीटर मानतो की मानत नाही?

नंतरची उत्तरं

या कोड्याला पुढे तीन अमेरिकन तत्त्वज्ञांनी उत्तरं दिली. रूथ बार्कन मार्कस यांनी १९८१ मध्ये सुचवलं की, होकारावरून समजूत ठरवताना आणखी एक अट घालावी: जे मानलं जातंय ते शक्य असलं पाहिजे. एकाच शहराचं सुंदर असणं आणि नसणं अशक्य आहे, म्हणून पिएरने तसं मानलंच नव्हतं, फक्त मानल्याचा दावा केला होता. डेव्हिड लुईस यांनी त्याच वर्षी सांगितलं की, पिएरच्या मनातलं जग सुसंगतच आहे. त्या जगात दोन शहरं आहेत, एक 'लाँद्र' या नावाने ऐकलेलं आणि एक 'लंडन' या नावाने पाहिलेलं. नेथन सॅमन यांनी १९८६ मध्ये मांडलं की, पिएर एकच गोष्ट एका वेषात ओळखून मानतो आणि दुसऱ्या वेषात न ओळखता नाकारतो. मार्कस यांचं उत्तर आम्हाला पटत नाही. गणितात चुकीचं सूत्र वर्षानुवर्षं खरं मानणारी माणसं असतात, आणि त्यांनी ते मानलं नव्हतं असं म्हणणं हे शब्दांचं खेचणं आहे. लुईस यांचं उत्तर पिएरला न्याय देतं. पण त्याची किंमत अशी की 'पिएर काय मानतो' याचं उत्तर आपल्या लंडनबद्दल उरत नाही, त्याच्या मनातल्या दोन शहरांबद्दल होतं. सॅमन यांची मांडणी आम्हाला सर्वांत जवळची वाटते, कारण समजूत ही माणूस, विधान आणि ते समोर येण्याची रीत या तिघांमधला संबंध आहे, हे ती सरळ मान्य करते. लंडन सुंदर आहे की नाही याला फक्त शहर लागतं. पिएर तसं मानतो की नाही याला शहराखेरीज तो शहरापर्यंत कोणत्या वाटेने पोचला तेही लागतं, आणि अवतरणचिन्हं काढताना नेमकी ती वाट पुसली जाते.

क्रिप्की यांनी स्वतः उत्तर दिलं नाही. अशा ठिकाणी समजुती नोंदवण्याची आपली नेहमीची रीत कमालीची ताणली जाते, कदाचित मोडूनही पडते, असं त्यांचं म्हणणं होतं.

नोंद कशी करावी

पिएरसारखा माणूस समोर असेल, दोन भाषांत बोलणारा साक्षीदार किंवा मुलाखत देणारा, तर नोंद करणाऱ्याने पहिल्या फेरीत त्याचं वाक्य मूळ भाषेत, मूळ नावासह, अवतरणचिन्हांत उतरवावं. चिन्हांतलं वाक्य भाषांतरात बदलत नाही. चिन्हांबाहेरचं बदलतं. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ अलोंझो चर्च यांनी १९५० साली समजुतींबद्दलच्या वाक्यांसाठी भाषांतराची कसोटी वापरली, ती याच फरकावर उभी आहे. मराठी नोंद मग अशी होईल: "फ्रेंचमध्ये विचारलं असता 'लाँद्र ए जोली' या वाक्याला होकार दिला, 'लाँद्र' हे लंडनचं फ्रेंच नाव." दुसरी नोंद इंग्रजीसाठी स्वतंत्र. 'म्हणजे लंडनला तो सुंदरही मानतो आणि नाहीही' हे जोडवाक्य अजून लिहायचं नाही.

त्यानंतर दोन्ही नावं त्याच्यासाठी एक आहेत का हे तपासायचं, पण 'लाँद्र म्हणजेच लंडन ना?' असं विचारून नव्हे. त्या प्रश्नातच उत्तर आहे, आणि एकदा ते कळलं की विचारण्याआधी तो काय मानत होता हे तपासण्याची संधी गेली. फ्रेंचमध्ये फक्त लाँद्रबद्दल विचारावं: कुठे आहे, तिथे कधी गेलात, कोणाकडून कळलं. इंग्रजीत तेच प्रश्न लंडनबद्दल. 'लाँद्रला कधी गेलात?' याला पिएर 'कधीच नाही' म्हणेल, आणि 'लंडनमध्ये राहता का?' याला 'हो'. या दोन उत्तरांनी गोष्ट उघडी पडते, त्याला काहीही न सांगता. 'स्वतःच्याच विधानाशी विसंगत' हा शेरा ही तपासणी झाल्याशिवाय कोणाच्याही नावापुढे पडू नये.

पीटरसारख्या प्रकरणात भाषेचा आधार नसतो, म्हणून प्रत्येक विधानापुढे ते नाव त्याने कोणाकडून आणि कोणत्या संदर्भात ऐकलं ते लिहावं: 'पादेरेव्स्की, पियानोवादनाच्या संदर्भात ऐकलेले' आणि 'पादेरेव्स्की, पोलंडच्या सरकारच्या संदर्भात ऐकलेले'. ते दोघे एकच आहेत हे नोंद करणाऱ्याला माहीत असलं, तरी ती माहिती तळटीपेत राहावी, पीटरच्या विधानात मिसळू नये.